मयताच्या नावाचा पुकारा

कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायाने एका नावाचा तीनदा पुकारा केला. कोणीच उठलं नाही. आतून वकिलांचा आवाज आला, "साहेब, प्रतिवादी मयत आहेत."

बाकावर माझ्या शेजारी कुबडी घेऊन बसलेले गृहस्थ म्हणाले, "त्यांच्याच जीपखाली माझा पाय गेला. आता दाव्यात त्यांच्या जागी वारस लावायचे. नावं मीच आणून द्यायची, म्हणून परवा त्यांच्या घरी गेलो."

"मग?"

"घरी त्यांच्या पत्नी होत्या. बाईंना वाटलं, मी समाचाराला आलोय. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. पायाला काय झालं म्हणून विचारलं."

"काय सांगितलंत?"

"पडलो म्हणालो. बोलता बोलता मुलींची नावं विचारून घेतली."

माणूस जातो, दावा मात्र मागे राहतो. घर, जमीन आपण मुलांसाठी ठेवून जातो. आपण मोडलेलं परक्याचं हाडही त्यांच्याच पदरात पडतं, हे जिवंतपणी कुणाच्या ध्यानात येतं?

गृहस्थांचे वकील बाहेर आले. गृहस्थांनी खिशातला कागद त्यांच्या हातात दिला. बाईंचं नाव, खाली दोन मुलींची.

पुढच्या तारखेला पुकारा त्यांचा होईल. बाई येतील, आणि बाकाला टेकवलेली ही कुबडी लांबूनच ओळखतील.