दगड जागेवर ठेवणारी आत्या

कापसाच्या मुलखात राहूनही आमच्या घरी थंडीत पांघरूण पुरत नसे. वडील लवकर गेले. बाळापुरात चंद्राआत्या लोकांच्या कापसातली सरकी हातचरखीवर काढी. त्यावर घर आणि माझं शिक्षण चाले. शेतात बसण्याआधी खाली विंचू नाही ना, म्हणून ती दगड उलटून पाही आणि होता तसाच परत ठेवी. "कोनाचं तरी घर असन ना रे थे!"

अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आपला कापूस जातो तो समुद्र पाहायचा, म्हणून पाटलांसकट गावची दहा-बारा माणसं आत्याला घेऊन मुंबईस आली. मी तिथं कॉलेजात होतो. ओहोटीला मी त्यांना खडकांवर नेलं.

"पूर तं ओसरला बाप्पा!" पाटील म्हणाले. पाणी परत येईल, असं मी बजावलं.

"तुह्या कॉलेजातलं असन थे, माघारी येनारं!" सगळे हसले. आमच्या नदीचा ओसरलेला पूर कधी उलट फिरला नव्हता.

आत्या दगड उलटत पुढं गेली. खाली खेकडे, शिंपले. डबक्यात फुलासारखं एक जनावर बोट लागताच मिटलं. "नव्या सुनेवानी लाजते रे हे!"

"चंद्राबाई, खेकडा घरी न्या," पाटील म्हणाले, "सरकी काढन!"

एवढ्यात फटींतून पाणी शिरलं. सगळे वर पळाले. आत्या मात्र मागं वळली. एक दगड उलटाच राहिला होता.

"आत्या, चाल!"

"थांब. उघडं पडलं हाय थे."

तिनं दगड ठेवला आणि लाट आली. दगड कलंडून तिच्या उजव्या हातावर बसला. कमरेएवढ्या पाण्यातून पाटलांनी आणि मी तिला ओढून काढलं. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

धर्मशाळेत मी म्हणालो, "आत्या, मी कॉलेज सोडतो."

"कावून? हात माहा मोडला, तुहं डोकं कावून बंद पडून राह्यलं?"

लढाई संपली, भाव कोसळला. चरखीचा दांडा आत्यानं डाव्या बाजूला बसवून घेतला. पहिले काही महिने कापूस तुटे, लोक बोलत. ती ऐकून घेई.

माझ्या निकालाआधीच्या हिवाळ्यात ती तापानं गेली. दांडा अजून डावीकडेच आहे.

मी बी. ए. झालो. आमच्या घरात पहिला.