बॉयलरजवळची खुर्ची

मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे नेमकं काय, सांगाल का हो? आमच्या कर्जतच्या भातगिरणीत हा शब्द आला आणि प्रत्येकानं त्याचा आपापला अर्थ लावला. गिरणीमागं कोंडा साठावा तसे किस्से साठत गेले!

* * *

आमचे हे गिरणीत हेडक्लार्क. एके दिवशी गिरणीचे मालक, मुंबईचे शेठ आले, स्वतः चेअरमन झाले आणि यांना मॅनेजिंग डायरेक्टर करून गेले. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मामलेदाराच्या वर की खाली?"

"अगं आई, मामलेदार सरकारचा माणूस."

"मग खालीच!" म्हणून त्या पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

* * *

पोशीरचा एक गाडीवान भाताची गाडी घेऊन तिष्ठत होता. शेवटी ओरडला, "मोठ्या डायरेक्टराला बोलवा!" हे बाहेर आले, तोच जुना कोट घालून.

"ह्यो तर आपला बापूराव! सायेब कुठं हाय?"

* * *

मग बॉयलरच्या सांध्यातून वाफ सुटू लागली. आगवाल्याचा हात भाजला. यांनी शेठना विनवलं, "गिरणी थांबवू द्या."

"हंगाम संपू दे. आणि काही झालंच, तर मॅनेजिंग डायरेक्टर तुम्ही आहात!"

रात्री जेवताना यांनी हे सांगितलं, तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला: दोष यांच्या माथी!

* * *

कोंडाणे गावाकडच्या ठाकर बायका कामाला यायच्या. त्या दारातच अडून राहिल्या. त्यांची पुढारीण धोंडी म्हणाली, "बायलर बरा हाय ना, सायेब? मंग तुमी त्याच्यापाशी बसा. तुमी बसाल तवर आमी काम करू."

हे उठले. आपली खुर्ची उचलली, बॉयलरला लागून ठेवली आणि बसले. रोज बसू लागले. मी डबा घेऊन गेले की म्हणत, "ठेव आणि लगेच घरी जा. इथं थांबू नकोस."

* * *

एका दुपारी शेठ अचानक आले. गिरणीची धडधड ऐकून खूश झाले. मी डबा घेऊन तिथंच उभी होते. पुढं होऊन विचारलं, "शेठजी, मोठं कोण? चेअरमन की मॅनेजिंग डायरेक्टर?"

"अहो बाई, अर्थात चेअरमन!"

"धोंडी, आणखी एक खुर्ची आण गं. शेठजींची यांच्यापेक्षा जवळ लाव."

धोंडीनं खुर्ची आणली आणि बॉयलरला अगदी चिकटवून ठेवली. वाफ फुसफुसत होती. बायकांचे हात थांबले. शेठ खुर्चीकडं बघत राहिले.

"बसा ना, शेठजी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर थंडगार होता आणि मुंबईचा मिस्त्री त्याचे सांधे खोलत होता.