उंबरठ्याचा पिवळा रंग

आई मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाच मी ठरवलं, आता हिला गावी, तामसीत एकटं ठेवायचं नाही. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती चालू लागली, पण आदिलाबादला माझ्याकडे कायमचं यायचा विषय काढला की तिचं एकच.

"घराले कुलूप लावून मी येनार नाई. दिवा लावनारं कोनी येऊ दे, मंग चाल म्हन."

म्हणजे घर विकायचं. बरं, विकू. हट्टात मीही तिचीच लेक आहे. भीमपूरचं एक जोडपं रविवारी घर पाहायला येणार होतं. नवरा तामसीच्याच शाळेत मास्तर होता आणि रोजच्या येण्याजाण्याला दोघंही कंटाळली होती. माझ्या हातात आठ दिवस होते.

मिस्त्री शोधायला गेले तर गाव रिकामं. कापूस वेचणीचे दिवस, मिस्त्रीसुद्धा बायकोबरोबर शेतात. पंधरा दिवस थांबा म्हणाला. थांबायला कुणाला वेळ होता? ऑफिसात रजा टाकली आणि पान्हा, हातोडी, पुट्टीची पिशवी घेऊन मीच कामाला लागले. गळक्या नळाचा वायसर बदलला. पत्र्याच्या भोकांवर डांबर थापलं. समोरच्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षं कापूस भरून ठेवायचो. तिथल्या भिंतींचे पोपडे काढले, पुट्टी भरली, चुना दिला. कोपऱ्यात उरलेला कापूस उडून ओल्या चुन्याला चिकटला, तो एकेक करून नखानं उपटला. न्हाणीच्या दाराची बिजागरी बसवताना खाटेवरून आईचा आवाज आला, "उलटी लावून राह्यली तू." खरंच उलटी लावली होती. राग आला, पण काढून सुलटी केली.

शनिवारी दुपारी आई झोपलेली असताना शेवटचं काम उरकलं. आमच्याकडे दर शुक्रवारी उंबरठा धुऊन त्याला हळद माखतात, वर कुंकवाचे ठिपके देतात. पडल्यापासून आईला वाकता येत नव्हतं, त्यामुळे उंबरठा उघडा, काळपट झाला होता. आता शहरात कितीतरी घरांत ऑइलपेंटच देतात. मीही पिवळा हात मारला, वर लाल ठिपके काढले आणि स्वतःवरच खूश झाले.

आई वॉकर टेकत दाराशी आली. वॉकरच्या पायानं ओला रंग टोकरून पाहिला.

"हे काऊन केलं?"

"चांगलं दिसतं. आणि येणारीला दर शुक्रवारची कटकट नको."

"तिची कटकट तू काऊन संपवून राह्यली? घर तिचं होनार. तिनं पयल्या शुक्रवारी हळद कोठं लावाची, तुह्या रंगावर? काढ हे. नाई तं मी कोठंच येत नाई."

मी तिला नाही नाही ते बोलले. आठ दिवस माझी कंबर मोडली, आणि हिचं अडलं कुठं, तर उंबरठ्यावर! ती खुर्ची ओढून बसली आणि वाट पाहू लागली. शेवटी मीच पत्र्याचा तुकडा घेतला. दिवे लागेपर्यंत रंग खरडला, पॉलिशपेपरनं घासला. बोटं सोलली. "इथं राह्यलं," आई दाखवत होती.

रविवारी ते दोघं आले. मास्तर पत्रे बघत फिरला. त्याच्या बायकोनं नळ सोडून पाहिला, भिंतीवर हात फिरवला, न्हाणीचं दार दोनदा लावलं. चेहऱ्यावर काही नाही. माझा जीव टांगणीला. परत जाताना ती दारात थांबली.

"सारं रंगवलं, अन् उंबरठाच कसा सोडला, मावशी?"

"पोरीनं रंगवला होता. म्या खरडाले लावला," आई म्हणाली. "ते काम घरात राह्यनारीचं असते."

ती बाई खाली बसली. लाकडाच्या खाचेत पिवळ्या रंगाचा एक कण माझ्या नजरेतून सुटला होता. तो तिनं नखानं उकरून काढला, पदरानं जागा पुसली आणि उठून नवऱ्याला म्हणाली, "शुक्रवारच्या आधी येऊ आपन."

मला हसू आलं. जिंकले असं वाटलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पुसलेल्या जागेकडे पाहतच ती हळू आवाजात म्हणाली, "माळ्यावरची माह्यी कपड्याची पेटी खाली काढ."

माझ्यानं लगेच उठवलं नाही.