एकाच नावाचा नकाशा

मुदखेड स्टेशनवर पुण्याची गाडी यायला वेळ होता, आणि माझी माय समोरच्या बाकावरच्या माणसाकडं टक लावून बघत होती. तो बिचारा शेंगा खात बसला होता. "हा तुझ्याच डब्यात चढनार दिसतो," ती म्हणाली, आणि उठून त्याला सरळ विचारूनच आली, कुठं चालला, कोणाकडं चालला, पिशवीत काय हाय. तो परभणीला उतरणार होता. तरी तिचं समाधान झालं नाही. गाडी आली, बाबांनी बॅग वर टाकली, आणि मायनं खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट धरलं. हळदीच्या कारखान्यात निवडायचं काम करणाऱ्या बाईचा हात तो, कितीही धुतला तरी पिवळाच. "कोनी नाव इचारलं की लगेच सांगू नको. आधी इचार, कशाला पाहिजे." गाडी हलली. मी वळून पाहिलं तर ती निघाली होती, कारण बायांची टमटम स्टेशनबाहेर थांबली होती आणि तिला कामाला जायचं होतं.

त्या टमटममधल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहून राहिले. आणि माझ्यासारख्या ज्या पोरी आपल्या गल्लीतून पुण्याला, हैदराबादला गेल्या आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसतात, त्यांनीही वाचावं. मी यमुनाबाईची थोरली, वैशाली. हे वाचून झाल्यावर तुम्ही मला दारात उभं कराल की नाही, याची मला खात्री नाही.

आमचं घर संशयी म्हणून गल्लीत प्रसिद्ध. माय विरजण मागायलासुद्धा शेजारी जायची नाही. आज आपण विरजण मागितलं की उद्या ते शिडी मागतील, असा तिचा हिशोब. शिरगणतीला मास्तर आले तर त्यांना पाणी देऊन त्यांचीच उलटतपासणी घ्यायची. पण खरं सांगायचं तर अख्खी गल्लीच तशी. बाहेरचं माणूस वही घेऊन आलं आणि नावं विचारायला लागलं की सगळ्या बाया एकच नाव सांगायच्या, शांतामावशीचं. मीटरवाला येवो नाहीतर पार्टीवाले, "आमाला काय म्हाईत, शांताबाईला इचारा." मावशी कोणाला भ्यायची नाही, समोरच्याला घाम फोडायची, म्हणून तिचं नाव. मी लहानपणी दारात उभी राहून स्वतः कितीदा तिचं नाव सांगितलंय.

मग मी लातूरला शिकायला गेले. खोलीत शिरूर अनंतपाळच्या दोघी होत्या, त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, मलाही व्हायचं होतं, पण मार्क आडवे आले. बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलं. तिथले सर पहिल्याच तासाला म्हणाले, आकडा समोर आला की आधी विचारायचं, हा कोणी मोजला आणि कशासाठी मोजला. मला हसू आलं. अरे, हे तर माय फुकट शिकवून राहिली होती. इतर पोरी पाठांतरानं पास झाल्या, मी शक घेऊन पास झाले.

पुण्यात नोकरी लागली ती संशोधन करणाऱ्या एका ऑफिसात. कारखाने आमच्याकडं यायचे. आम्ही तिथल्या कामगारांना विचारायचो, काम अडलं तर कोणाकडं जाता, मनातलं कोणाला सांगता, तीन नावं सांगा. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. त्यानं ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं एक रेघ. ज्याच्याकडं जास्त रेघा, तो ठिपका मोठा. असा नकाशा झाला की साहेबाच्या खुर्चीत कोण बसतं ते सोडा, खरं कोणाचं चालतं ते दिसतं. कागदावर लिहायचो, संवाद सुधारण्यासाठी. कोणाचा संवाद, कोणाशी, हे मी पहिले सहा महिने विचारलं. मग पगार वाढला, स्वारगेटजवळची कोंदट खोली सोडून फ्लॅट घेतला भाड्यानं, आणि विचारायचं हळूहळू सुटलं.

अशात एक फाइल आली, तिच्यावर फक्त "मसाला उद्योग, मराठवाडा" असं होतं. कारखान्याचं नाव आम्हाला सांगत नसत, माणसांचीही नावं काढून नुसते नंबर ठेवत. नंबर कोणाचा ते फक्त कारखान्याला माहीत. मी नकाशा काढला आणि थक्क झाले. एरवी ठिपके इकडंतिकडं पसरतात, चारपाच टोळकी दिसतात. इथं बैलगाडीच्या चाकासारखं झालं होतं. तीन नावं मागितली तरी प्रत्येकीनं एकच दिलं होतं, सगळ्या रेघा एकाच नंबरात घुसत होत्या. बाकी कोणाचं कोणाशी काहीच नाही.

माझ्या शिक्षणाप्रमाणं मी तिथं थांबायला पाहिजे होतं. जिवंत माणसं अशी उत्तरं देत नाहीत. आणि मी तर त्या गल्लीची पोर, मला दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नव्हती. पण नकाशा दिसायला लई सुंदर होता, आणि शुक्रवार होता. मी केतकी मॅडमना, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखांना, ऐटीत मेल टाकली. इतकं स्पष्ट नेतृत्व मी आजवर पाहिलेलं नाही, सगळं या एका व्यक्तीच्या हातात आहे. मॅडमनी ती तशीच पुढं कारखान्याला पाठवली.

सोमवारी उरलेली माहिती आली. त्या नंबराची बाई, निवड विभाग, वय पन्नाशीच्या आसपास, गाव मुदखेड, कामाला सगळ्यांत जुनी, म्हणजे माझी मायच. त्याखाली कारखानदाराचं उत्तर होतं. आभार, अर्धा दिवस काम बंद कोणी पाडलं ते आता आमच्या लक्षात आलं.

खरं सांगते, आधी मला मायचाच संशय आला. विरजण न मागणारी बाई गुपचूप पुढारीण झाली की काय? बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला.

"माय, कारखान्यात कोणी नावं विचारायला आलं होतं का?"

"तुला कोनी सांगितलं?"

"सांग ना आधी."

मग तिनं सांगितलं. टमटममध्येच ठरलं होतं. नावं विचारायला माणसं येणार म्हटल्यावर नाव सांगायचं कोणाचं? शांतामावशी तर गेली. मग बाया म्हणाल्या, यमुनाबाईचं सांगा, तिची पोरगी पुण्यात कंप्युटरमधी हाय, काही झालं तर ती निस्तरील.

"आणि तू हाव म्हणालीस? तू?"

"मी न्हाईच म्हनले होते आधी. मंग ते कागद आले. त्याच्या कोपऱ्यात हिरवं पान होतं, तुझ्या हापिसच्या पिशवीवर हाय तेच. म्हनलं, म्हंजे हे आपल्याच लेकराकडं चाललं. मंग कशाला भ्यायचं? घाला म्हनलं माझं नाव."

"आणि काम बंद कोणी केलं?"

"कोन करतंय? धूळ नाकातोंडात जाऊन दम कोंडून राहिला होता. एक उठली, मंग दुसरी उठली. पयली कोन उठली ते तू बी इचारू नको."

जन्मभर कोणावर भरवसा न ठेवलेल्या बाईनं एकदाच ठेवला होता. मी जिन्यात बसून रडले. तिला मात्र काही सांगितलं नाही.

मी मॅडमकडं गेले. ही उत्तरं ठरवून दिलेली आहेत, यावरून कोणा एकीबद्दल काहीही म्हणता येत नाही, नकाशा मागं घ्या, असं म्हणाले. शब्द न् शब्द खरा होता. मग म्हणाले, ती माझी आई आहे. तेही खरंच होतं, पण मॅडमची नजर बदलली. "शुक्रवारी तर तुझी पक्की खात्री होती ना," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. फाइल माझ्याकडून काढून घेतली. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक टीप टाकली, निष्कर्ष जपून वापरावेत. कारखान्यात ती कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात कारखान्यानं मायला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण दिलं नाही. बाकीच्या बायांना मात्र त्यानंतर तोंडाला बांधायला मास्क मिळाले.

मी रजा टाकून घरी आले. गल्लीत शिरले तर ओट्यावरचं बोलणं थांबलं. आधी वाटलं माझ्यामुळं. नंतर कळलं, आता कोणीही आलं तरी थांबतं. कागद तर पुण्याला गेले होते, मग टमटमीत ठरलेली गोष्ट कारखान्यात पोचवली कोणी, यावरून एकमेकींवर शक घेणं चाललं होतं, आणि सगळ्या शंका रुक्मिणमावशीवर येऊन थांबल्या होत्या, कारण तिचा भाऊ तिथं वॉचमन आहे. तिला कोणी टमटमीत शेजारी बसवून घेत नव्हतं. ती मुदखेडहून एकटी, वेगळ्या गाडीनं जात होती.

मायनं मला जेवायला वाढलं. ठेच्याचं भांडं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "त्या कागदावरून माझं नाव त्यांना दाखवलं कोनी? तू?"

मी म्हणाले, "हाव."

सगळं सांगितलं. शुक्रवार, मेल, मोठा ठिपका. रागावली असती तर बरं झालं असतं. ताटात अजून एक भाकरी टाकली आणि एवढंच म्हणाली, "गल्लीत कोनाला सांगू नको. तुला यायचं-जायचं हाय."

बायांनो, वर्ष होत आलं. तिला तुम्ही कितीदा विचारलं असेल, ती म्हणते, पुन्याचे लोक, काय म्हाईत. रुक्मिणमावशी तिच्या दारावरून मान खाली घालून जाते आणि माय तिलाही काही बोलत नाही. आयुष्यभर जी कोणाला नडली नाही, ती माझ्यापायी एका निर्दोष बाईला तसं जाऊ देते. ते ऑफिस मी सोडलं, आता दवाखान्यांच्या पाहण्या करते, प्रत्येक कागदावर आधी विचारते, हे कोण वाचणार. त्यानं मुदखेडच्या टमटमीत काही फरक पडला नाही.

पुण्यात मला लोक विचारतात, घर कुठं. मी मुदखेड सांगते. मला आता घर म्हणजे ती एकच बाई वाटते, जिला माझं सगळं माहीत आहे आणि जी मरेपर्यंत माझं नाव घेणार नाही. पण तिनं ते झाकून ठेवायचं, मी सणावाराला येऊन पुरणपोळी खायची, आणि रुक्मिणमावशीनं एकटीनं गाडी धरायची, हे मला आता जमत नाही. मायला हे कोणी वाचून दाखवलं तर ती मला फोन करून शिव्या देईल, ते मी ऐकून घेईन. उद्या सकाळी रुक्मिणमावशीला टमटमीत आपल्या शेजारी बसवा. तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणारी मी होते.