न सांगितलेली एक ओळ

हिंगोलीतल्या आमच्या शाळेला एका ऑफिसने दहा जुने संगणक दिले. त्यांच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम वीस वर्षांपूर्वीची, आणि नवी टाकायला गेलं की संगणक बंदच पडायचे. मी संगणक शिकवतो. मुलांना टायपिंगचा कंटाळा येतो म्हणून मी एक खेळ शोधला होता. त्यात चित्रं नाहीत, सगळं लिहूनच. दहा मुलं दहा संगणकांवरून एकाच गुहेत शिरतात, 'उत्तरेला जा' असं टाइप करतात, एकमेकांशी बोलतात. खेळाचा कोड फुकट मिळाला, पण तो नव्या सिस्टिमसाठी लिहिलेला. आमच्याकडे चालावा म्हणून मी दोन महिने शाळा सुटल्यावर त्यात बदल करत बसत होतो.

मग गणिताच्या नव्या मॅडम आल्या. हट्टा या गावाहून रोज एसटीने यायच्या. कोडिंग मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेल्या. एकदा माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मी बघू का जरा?"

मी दोन महिन्यांत काढल्या तेवढ्या चुका त्यांनी आठवड्यात काढल्या. मुलं मला सोडून त्यांनाच विचारायला लागली. हेडमास्तरांनी चहाच्या वेळी त्यांची तारीफ केली, तेव्हा माझं बिस्किट कपातच विरघळलं.

शेवटी एकच अडचण राहिली. खेळ सुरू व्हायचा, पण दुसरा संगणक त्याला जोडलाच जायचा नाही. "सर, हे काहून होऊन राहिलं? तुमाला काही ठावूक हाय का?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं. त्या जुन्या सिस्टिमवर नेटवर्क आधी वेगळं सुरू करावं लागतं, त्यासाठी एक ओळ लिहावी लागते. ती मला आदल्याच दिवशी घरी वाचताना सापडली होती. मॅडम रजेवर असतील त्या दिवशी ती घालायची, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"न्हाई बा," मी म्हणालो.

चार दिवस त्या अडकून राहिल्या. शेवटची एसटी धावत पकडायच्या. मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

पाचव्या दिवशी ती ओळ त्यांनी स्वतःच शोधली. दहाही पडद्यांवर एकच गुहा उघडली. जुन्या संगणकांवर देवनागरी उमटत नाही, म्हणून एका मुलीने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'कोण हाय तिकडं?' सगळा वर्ग हसला. मी दारातच उभा राहिलो.

महिन्याभराने स्टँडकडे सोबत चालताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं, माफी मागितली.

"चार दिवस माझं लेकरू शेजारणीकडं राह्यलं, सर," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं असतं तर मी टायमावर घरी गेली असती."

एसटी लागली होती. त्या चढल्या.

आताही त्या माझ्याशी नीट बोलतात, चहा घेतात. फक्त मला काही विचारत नाहीत. आणि मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करतात, तेव्हा माझ्या पोटात अजूनही दुखतं. माफी मागून ते गेलं नाही.