निळं पान आणि दसऱ्याच्या अक्षता

आमची आत्या वारली, पण तिचा आवाज कामरगावच्या आमच्या घरात, कॉम्प्युटरच्या डब्यात राहिला होता. लग्नात विहिणीला टोमणे मारणारी गाणी ती अशी म्हणायची, की समोरची बाई हातातला घास ताटात ठेवायची. सत्तरच्या दशकात, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, ती गाणी टेपवर धरली होती. पुढे मी ती कॉम्प्युटरात भरली आणि त्याच आठवड्यात टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. आता दिवाळीनंतर पुतणीचं लग्न होतं, आणि मांडवात नणदेची गाणी वाजलीच पाहिजेत, असा आईचा हुकूम.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा चालू केला, तर नेहमीचं चित्र आलंच नाही. निळं पान उघडलं, त्यावर इंग्रजी शब्दांच्या रांगा. बंद केला, चालू केला. पुन्हा निळं पान.

वाशीमच्या दुरुस्तीवाल्या पोराला फोन लावला.

"काका, चालू होताना डिलीटचं बटन दाबलं की ते सेटिंगचं पान येते. तुमी दाबलं असन."

"बाप्पा, मी कायलेच हात लावला नाही."

"मंग बूटची ऑर्डर पाहा. पहिल्या नंबरवर हार्ड डिस्क आणा."

म्हणजे डबा उठल्यावर आधी कोणाच्या दारात जातो, ते ठरवायचं. तिथे फ्लॉपी पहिली, सीडी दुसरी आणि जिच्या पोटात आत्या होती ती हार्ड डिस्क तिसरी बसली होती. पंगतीत व्याह्याला मागे बसवावं तसं मला वाटलं. मी तिला पुढे घेतलं, फ्लॉपीला मागे ढकललं, जतन केलं. निळं पान. मग सीडीला पुढे आणून पाहिलं. निळं पान. डिस्क सापडते का ते तपासलं, तर बाई जागेवर होती, नुसती बोलत नव्हती. कोणाला कुठे बसवलं, हेही मी आता विसरलो होतो.

पोराने शेवटी सांगितलं, "घेऊन या. फॉर्मॅट मारा लागते."

आई दारात उभी होती. "फॉर्मॅट म्हंजे काय रे?"

"सगळं पुसून पुन्हा भरायचं."

"मंग नणदबाई बी पुसल्या जाईन?"

मी डब्यामागच्या वायरी चाचपायला लागलो.

"त्यायले जित्तेपनी कोनी गप नाई केलं," आई म्हणाली, "अन् तू पुसून राह्यला?"

पण दुसरा उपाय दिसत नव्हता. वाशीमला जाणाऱ्या जीपवाल्याला थांबायला सांगून मी वायरी काढायला लागलो, तशी आई ओरडली.

"थांब. पूजेतली वस्तू अशी उचलतेत काय? पयले अक्षता उतरवू दे."

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. वडिलांच्या विहिरीवरच्या इंजिनाला आई कुंकू-अक्षता वाहायची, तशाच तिने आदल्या दिवशी कीबोर्डच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर ओल्या कुंकवात वाहिल्या होत्या, आणि "हलवू नोको" अशी ताकीदही दिली होती. तिच्या धाकाने सकाळपासून मी त्या कोपऱ्यांना चुकवूनच बटनं दाबत होतो.

आईने कीबोर्ड ताटात उपडा करून ठोकला. तांदूळ पडले. उजवीकडचे काही दाणे अडकले होते, ते तिने हेअरपिनने उकरले. टक करून एक बटन वर आलं.

ते डिलीटचं होतं.

सकाळपासून अक्षतांनीच ते दाबून धरलं होतं. मग निघालेल्या वायरी जिथल्या तिथे लावायलाच मला बराच वेळ लागला, कारण कोणती कुठली तेही नीट आठवेना. डबा चालू केला. निळं पान आलं नाही. नेहमीचं चित्र आलं, आणि थोड्या वेळाने खरखरीतून आत्या उठली आणि थेट विहिणीच्या नाकावर आली.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आई ताट मांडीवर घेऊन ऐकत बसली. एक गाणं संपलं तशी म्हणाली, "मांडवात भोंगा मोठा लावजो. विहीनबाई मागं बसल्या त त्यायले बी आयकू गेलं पाह्यजे."