शिलाई मशीनचा ब्रश
ओल्या शाडूचा वास आला की आत्याचा फणकारा आठवतो. माझ्या सहाव्या वाढदिवसाला मामा जोह्याच्या त्याच्या गणपतीच्या कारखान्यातून झेंडूची माळ गुंडाळलेला खोका घेऊन आला. आत शाडूचा गोळा आणि बारीक ब्रश होता. "उद्या कारखान्यात ये गो, एका गणपतीचे डोळे तू आखायचेस," तो म्हणाला. डोळ्यांना तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. "वाढदिवसाला माती देतात व्हय?" म्हणत आत्याने सगळ्यांसमोर गोळा मोरीत फेकला, ब्रश शिलाई मशीन झाडायला ठेवून घेतला. मामा न जेवताच गेला आणि मला कुणी कारखान्यात पाठवलं नाही. आता मोठेपणी मामाच्या कारखान्यात डोळे मीच आखते. काल आत्या आली, "आमच्या गणपतीचे डोळे तूच आख." मी म्हटलं, "आखते. आधी माझा ब्रश आण."